गुरुवारी न पेटणारा ढीग

"धूर! पुन्हा धूर!" खंडू ओरडला. विटीदांडू तिथंच टाकून तो, प्रभावती आणि छोटा भिवा नगरपालिकेच्या कचरा डेपोकडे धूम पळाले. १९७८ सालची मे महिन्याची सुट्टी होती, आणि काळेवाडीत त्या सुट्टीतली सगळ्यात मोठी गंमत म्हणजे सारखा पेटणारा हा ढीग!

आज मात्र प्रभावतीला गंमत वाटली नाही. मुकादम हिंदुराव ढिगावर पाणी ओतवून घेत होते आणि तिच्या सोजरआत्यावर तोंडसुख घेत होते. आत्या इथला कागद, काच, पत्रा वेचून भंगारवाल्याला द्यायची. तिचं घर त्यावरच चालायचं.

"वायरीतलं तांबं काढायला तूच जाळ करतेस! उद्या शेवटचा दिवस. सोमवारपासून इथं पाऊल टाकायचं न्हाई!"

"न्हाई वो दादा, म्या काडीपेटीला हात बी लावला न्हाई!" आत्याचे डोळे भरून आले. ते पाहून प्रभावतीला असा राग आला की बस्स!

तिघं बाभळीखाली बसले. "आज शनिवार. काल लागली, बुधवारी लागली..." भिवा बोटं मोजू लागला. "गुरुवारी नाही लागली!"

"मागच्या गुरुवारीही नाही!" प्रभावती ताडकन उठली. "गुरुवारी कंपन्यांना सुट्टी. आत्या तर गुरुवारीही येते. येत नाहीत ते फक्त कंपन्यांचे टेम्पो!"

रविवारी सकाळीच तिघं पत्र्याच्या शेडमागे दबा धरून बसले. कंपन्या चालूच होत्या. दोन टेम्पो आले, लाकडाचा भुसा आणि पुठ्ठे टाकून गेले. तिसरा फर्निचरच्या कारखान्याचा. त्यातून चिंध्यांनी गच्च भरलेली पोती ढिगावर पडली. टेम्पो जाताच खंडूनं एका पोत्यात हात घातला.

"आई गं! आत तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखं गरम आहे!" त्यानं हात हुंगला. "बेलतेल! माझे बाबा सुतारकामात दारांना लावतात ना, ते उकळलेलं जवसाचं तेल. पण बाबा तेल पुसलेल्या चिंध्या कधीच गोळा करून ठेवत नाहीत, दोरीवर एकेक पसरून वाळवतात. म्हणतात, बोळा केला की आपोआप पेटतो!"

प्रभावतीनं हिंदुरावांना हाताला धरूनच आणलं. हिंदुरावांनी कारखान्याचे सुपरवायझर उद्धवराव यांना बोलावणं धाडलं. ते आले आणि पोट धरून हसले. "चिंध्या आपोआप पेटतात? पोरांनो, सुट्टीत डोकं तापलंय तुमचं!"

"मग साहेब, ही पोती पिंपात ठेवा आणि झाकणावर तुम्हीच बसा!" प्रभावती म्हणाली. "म्हणजे कुणी काडी लावली, असं कुणी म्हणणार नाही."

"बसतो की! त्यात काय भ्यायचंय?"

शेडच्या सावलीत पिंप ठेवलं. हिंदुरावांनी वाळूच्या बादल्या भरून घेतल्या. उद्धवरावांचा एक चहा झाला, दुसरा झाला. प्रभावती पिंपावरची नजर हटवत नव्हती. नाही पेटलं तर? आत्या समोर मान खाली घालून बसली होती.

तिसऱ्या चहाला उद्धवराव जरासे सरकले. मग पुन्हा सरकले. आणि एकदम "अरे बाप रे!" करून त्यांनी टुणकन उडी मारली. झाकणाच्या कडेनं धूर येत होता! हिंदुरावांनी पोरांना मागं हटवून काठीनं झाकण ढकललं, तसा आतून जाळ उठला. चार बादल्या वाळू पडली तेव्हा कुठं तो विझला.

पँट झाडत उद्धवराव पुटपुटले, "चूक आमची. उद्यापासून या चिंध्या पाण्याच्या पिंपात ठेवू. इथं एक चिंधी येणार नाही."

हिंदुरावांनी डोक्यावरची टोपी काढली. "सोजरबाई, माझं चुकलं. कोणता माल कुठला, हे या मैदानात तुमच्याइतकं कुणालाच कळत न्हाई. आता कुठल्या टेम्पोनं काय कुठं टाकायचं, ते तुमीच सांगायचं. आणि पोरांनो, शाब्बास! आमी म्हातारे नुसतं पाणी ओतत बसलो, तुमी मूळ शोधलंत."

सोमवारी सकाळी प्रभावती डेपोवर गेली, तर फर्निचरच्या कारखान्याचा टेम्पो दारातच उभा होता आणि आत्या कमरेवर हात ठेवून त्याला आडवी झाली होती.

"भुसा न् पुठ्ठा एकातच? माघारी न्या! निवडून आणा, मगच आत यायचं!"

ड्रायव्हरनं हिंदुरावांकडं पाहिलं. हिंदुराव म्हणाले, "माझ्याकडं काय बघतो? बाईंनी सांगितलं ना!"