डावीकडचा फोटो

भिंतीवरची फ्रेम जागेवर होती. आतला अर्धा माल गायब होता.

उजवीकडे गुळगुळीत हात, खाली लिहिलेलं, ‘उपचारानंतर’. डावीकडे ‘उपचारापूर्वी’, आणि वर नुसता कोरा पुठ्ठा.

व्रण आणि स्ट्रेच मार्क्स घालवायचा हा दवाखाना भाचीचा. तिच्या फोनवर आत्या धावत आल्या आणि आधी खुर्चीत बसून दम घेतला.

“चोरायचाच तर चांगला हात चोरावा ना,” त्या म्हणाल्या. “हा कसला चोर, वाईटच उचलून नेलं!”

“आत्या, थट्टा नको. फोटोतल्या मुलीनं अटीवर फोटो दिलाय. नाव नाही, चेहरा नाही, आणि फोटो या भिंतीबाहेर जाणार नाही. माझ्या शब्दाची काय किंमत राहिली?” डॉक्टरीण रडवेली झाली होती. तिची नजर पुन्हापुन्हा काउंटरवरच्या मुलीकडे जात होती.

आत्यांनी ते बरोबर टिपलं. “तू इकडे ये गं. घाबरू नकोस, खात नाही मी. फोटो शेवटचा कधी पाहिलास?”

“काल दुपारी पुसला तेव्हा.”

“नंतर?”

“मॅडमनी लेझरला मदतीला आत बोलावलं. बाहेर तीन पेशंट होते. छातीवर फुगीर व्रण आहे तो दाढीवाला, गुडघ्यावर टाके पडलेली नाचणारी मुलगी आणि त्या गप्प बाई. पोटावर सिझेरियनची खूण आहे त्या.”

“गप्प म्हणजे?”

“आल्या की बसतात, बोलावलं की उठतात. पंख्याखालची खुर्ची रिकामी असली तरी समोरच्या बाकावर उकडत बसतात.”

आत्यांनी फ्रेम उतरवून उलटी केली. मागची पिन तुटलेली. तिच्या जागी एक मऊ, पारदर्शक पट्टी नीट दाबून लावलेली.

“ही कसली गं?”

“सिलिकॉनची,” भाची म्हणाली. “व्रणावर लावायची. दिवसभर ठेवायची, रात्री धुवायची, परत लावायची. तिघांनाही तीन महिन्यांपूर्वी दिलीय मी.”

आत्यांनी पट्टी सोलली आणि स्वतःच्या मनगटावर चिकटवली. घट्ट बसली.

“वापरलेली असती तर?”

“कपड्यांचे धागे, केस चिकटतात. पकड सैल होते.”

“हिच्यावर केस नाही की धागा नाही. तीन महिने उपचार घेऊनही कुणीतरी ही अंगाला लावलेलीच नाही. कुणाची खूण हलत नाही?”

डॉक्टरिणीनं तिघांचे कागद चाळले. “दाढीवाल्याचा व्रण बसलाय. नाचणारीचा लाली सोडतोय. बाईंची खूण जशीच्या तशी आहे. पण ती फारच जुनी. फरक पडणार नाही, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी रोज दुपारी येतात.”

“आता तो हरवलेला फोटो दाखव. कॉम्प्युटरात असेल की.”

पडद्यावर हात आला. कोपराखाली, बाहेरच्या बाजूला, टोकदार तिकोनी डाग.

“इस्त्री,” आत्या म्हणाल्या. मग आवाज खाली आला. “कपडे इस्त्री करताना भाजलं तर बोटं भाजतात. हा हात आडवा घातलाय. कुणावर तरी इस्त्री येत होती, आणि ही पोरगी मध्ये पडली.”

दुपारी गप्प बाई आपल्या वेळेला आल्या. बाकावर बसल्या. समोरची भिंत रिकामी होती. फ्रेम आत्यांच्या मांडीवर होती.

“काढायला पिन तोडलीत,” आत्या शेजारी बसत म्हणाल्या. “पण फ्रेम उघडी टाकवेना. पर्समध्ये न वापरलेली पट्टी होती, ती लावलीत. उरलेला फोटो पडू नये म्हणून. चोर एवढी काळजी घेत नाही, बाई. आई घेते.”

बाईंनी पर्स छातीशी धरली.

“पोटावरची खूण तुम्हाला घालवायचीच नाही. त्याच खुणेतून ती मुलगी जन्मली ना? दवाखान्याचं नुसतं निमित्त. या बाकावरून फोटो दिसतो म्हणून येत होतात.”

बाईंनी पर्स उघडली आणि फोटो आत्यांच्या हातात ठेवला. कडेला एक सुरकुती नव्हती.

“नणंदेबरोबर आले होते, तेव्हा दिसला,” त्या म्हणाल्या. “लाखात ओळखीन मी तो डाग. तिच्या बापानं इस्त्री मला मारली होती. ती मध्ये आली. मग म्हणाली, आई, चल, आत्ताच्या आत्ता निघू. मी म्हटलं, कुठे जायचं? ती एकटीच गेली.”

“मग दोन्ही का नाही नेलेत? हाही तिचाच हात.”

“त्या हाताला मी ओळखत नाही, ताई.” बाईंनी फ्रेममधल्या गुळगुळीत हाताकडे पाहिलं. “माझ्यासाठी अंगावर घेतलेला डाग होता तो. तोही पुसून टाकला तिनं. पत्ता नको मला. ती धड आहे ना, एवढंच सांगा.”

दारात उभी डॉक्टरीण मान हलवत होती. “मला सांगता येत नाही. तिची परवानगी नाही.”

“मग माग की परवानगी!” आत्या खेकसल्या. “का त्यालाही लेझर लागतं?”

डॉक्टरिणीनं त्या मुलीला फोन लावला. सगळं सांगितलं, फोटोची चूक कबूल केली. “तू नको म्हणालीस तर एक अक्षर सांगणार नाही.”

पलीकडचं उत्तर तिनं ऐकून घेतलं. मग डॉक्टरिणीनं विचारलं, “नक्की?” आणि फोन स्पीकरवर टाकला.

“आई.” घोगरा आवाज. “त्याला सोडलंस?”

हो म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? आत्यांनी बाईंचा हात दाबला. पण बाई मुलीशी खोटं बोलल्या नाहीत.

“वारला तो. मागच्या वर्षी.”

“म्हणजे सोडलं नाहीसच.”

फोन बंद झाला.

भाचीनं बाईंपुढे पाण्याचा ग्लास केला, तो तसाच राहिला.

बाई त्या बंद फोनकडे बघत होत्या.

“आवाज बसलाय तिचा,” त्या हळूच म्हणाल्या. “लहानपणीही थंडीत असाच बसायचा. डॉक्टर, पुन्हा आली तर सांगाल का तिला, कोमट पाणी पी म्हणून? माझं नाव नका घेऊ. तुम्हीच सांगताय असं सांगा.”