गुलाबाईची बोळवण

ऐकायची तर नीट सरकून बसा, आणि मधेच उठून घरी पळायचं नाही. पाचोऱ्याच्या पलीकडे, गिरणेच्या काठच्या एका गावातली गोष्ट आहे. स्वातंत्र्य येऊन पाचेक वर्षं झाली असतील. भादव्यातल्या एका दुपारी झुंबरबाई कुंभाराकडे मडकं आणायला निघाली, तर शेजारच्या ओट्यावर मंदाबाईची पमी हमसून हमसून रडत बसलेली.

"का व पमे, कसाले रडस?"

"आवंदा आमना घर गुलाबाई नही बसाव. आजाबा गयात ना..."

आजोबा वारले म्हणून त्या वर्षी त्यांच्या घरी सण नव्हता. आता गुलाबाई म्हणजे आमच्या खानदेशातल्या पोरींचा जीव. भादव्याच्या पुनवेला मातीची गुलाबाई घरात बसवायची, शेजारी तिचा नवरा, मांडीवर तान्हं लेकरू. लेक माहेरी आली असं समजायचं. महिनाभर गल्लीतल्या पोरी तिन्हीसांजेला टिपऱ्या घेऊन घरोघर गाणी म्हणत हिंडतात. गाणी झाली की घरची बाई झाकणाच्या डब्यात खाऊ घालून तो खुळखुळवते, आणि आत काय आहे ते पोरींनी आवाजावरून ओळखायचं. कोजागिरीला गुलाबाईची नदीवर बोळवण करायची, की लेक निघाली सासरी.

झुंबरबाईच्या घरी हे काही नव्हतं. ज्या घरात लेक नाही तिथं गुलाबाई कशाला बसेल? लेक होती एकदा. इंदी तिचं नाव. बाजारात, शेतात, कुठंही आईची करंगळी धरून चालायची, सोड म्हटलं तरी सोडायची नाही. मानमोडीच्या साथीत सात वर्षांची होऊन गेली. पुढं नवराही गेला. मग म्हातारी दर भादव्यात दिवेलागणीला दार लावून घ्यायची. दुसऱ्यांच्या अंगणातली गाणी तिला सोसवत नसत.

त्या दुपारी मात्र ती बोलून गेली, "मना घर बसाड तुनी गुलाबाई. ऊठ, डोया पूस."

मडकं राहिलं बाजूला. पमीच्या हाताला धरून ती गुलाबाई घेऊन आली.

काय सांगू, त्या घराची कळाच बदलली. संध्याकाळी पोरींनी ओसरी भरून जायची. झुंबरबाई कधी फुटाणे भाजायची, कधी चिंचोके, आणि डबा खुळखुळवून, पोरींनी बरोबर ओळखलं तरी मुद्दाम चूक म्हणायची. पोरी तिच्याशी भांडायच्या. पमी तर दिवसाही येऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची. कित्येक वर्षांनी म्हातारी पोटभर जेवू लागली. मंदाबाई म्हणाली देखील, "अक्का, तुम्ही तर तरण्या व्हई गयात."

आणि मग कोजागिरी आली. पोरी गुलाबाई न्यायला दारात उभ्या. उद्यापासून पुन्हा ती रिकामी ओसरी.

"नदीले पानी जास्त शे," ती म्हणाली. "तुम्हीन जाऊ नका. मी पहाटे बोळवण करसू."

पोरी खाऊ घेऊन गेल्या. म्हातारीने गुलाबाई उचलली आणि ज्वारीच्या कोठीत दाणे उकरून आत ठेवली, लेकरासकट. माहेरी आलेली लेक चार दिवस जास्त राहिली तर कुणाचं काय बिघडतं, असं तिनं स्वतःलाच समजावलं.

दुसऱ्या दिवशी दिवा लावला आणि अंगणात टिपरी वाजली. एकच.

झुंबरबाईला हसू आलं. पमीच असणार, दुसरं कोण? दार अर्धं उघडं होतं, बाहेर अंधार दाटत होता. उंबऱ्यापलीकडे एक पोर उभी होती. दिव्याचा उजेड तिच्या पायांपर्यंतच पोचत होता. अंगणात ओल्या मातीचा वास सुटला होता, पाऊस तर केव्हाच सरला होता.

"घरमा ये ना व..."

पोर आली नाही. झुंबरबाईने डबा हलवला. बाहेरून लगेच उत्तर आलं, "भोपयाना बिया."

म्हातारीचा हात थबकला. वाळवून मीठ लावलेल्या भोपळ्याच्या बिया तिनं त्या दिवशी पहिल्यांदाच काढल्या होत्या. त्या इंदीच्या आवडीच्या. या गल्लीतल्या कुठल्या पोरीला तिनं त्या कधी दिल्या नव्हत्या.

तिला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगतो, तिचा ऊर भरून आला. दुसऱ्या दिवशी तिनं गुळाचा खडा फडक्यात घट्ट बांधून डब्यात ठेवला. टिपरी वाजताच डबा हलवला, तर आवाज म्हणून नाही.

"गूय शे," बाहेरून आलं. "फडकामा बांधेल..."

"इंदे?" म्हातारी कुजबुजली. "तूच शे का व माय?"

ती उंबऱ्यापर्यंत गेली, तर अंगणात कुणी नव्हतं.

रात्रभर ती जागीच होती. सकाळी मंदाबाई धावत आली. पमीला दोन दिवस ताप होता, आता शुद्धच नव्हती.

"काल दिवा लागताना बरळत होती, अक्का. 'गूय शे, फडकामा बांधेल'. कसला गूळ नि कसलं फडकं, माले तर काही समजत नही."

झुंबरबाई जाऊन पमीजवळ बसली. पमीची बोटं बर्फासारखी गार होती, कपाळ मात्र तापलेलं. सासरी धाडायची लेक आपण कोंडून ठेवली, आणि तिच्यापायी ही चालली, हे तिला तिथंच उमजलं.

ती तडक घरी आली. कोठीतून गुलाबाई काढली, पदराखाली घेतली आणि नदीवर गेली. "जाय व माय," ती रडत म्हणाली. "आते माले इसरी जाय." मूर्ती पाण्यात सोडताना तिला दिसलं, गुलाबाईची मांडी रिकामी होती. लेकरू आधीच विरघळलं असेल, असं तिला वाटलं.

त्याच संध्याकाळी पमीनं डोळे उघडून भाकरी मागितली. गल्लीतल्या बायकांनी पोरींना रोज झुंबरबाईकडे धाडायचं ठरवलं. म्हातारीचा पमीवर किती जीव आहे ते सगळ्यांनी पाहिलं होतं. आता गुलाबाई नसली तरी पोरी येणार होत्या. आणखी काय हवं होतं तिला?

पहिल्या दिवशी ओसरी पुन्हा भरली. पमी शाल पांघरून मधोमध बसली होती. लाह्या फोडायच्या म्हणून झुंबरबाईने दाणे काढायला कोठीत हात घातला. खोलवर बोटांना काहीतरी लागलं. तळहातात मावेल एवढं, मातीचं. लेकरू. पाण्यात विरघळलं नव्हतं, दाण्यांत राहून गेलं होतं. काढावं आणि आत्ताच्या आत्ता नदीवर न्यावं, असं म्हणून तिनं हात ओढला.

हात निघेना.

"आजीमाय..." ओसरीवरून पमीचा बारीक आवाज आला. "माले थंडी वाजी ऱ्हायनी."

झुंबरबाईने पुन्हा हात ओढला. मग ती ओढायची थांबली. ज्वारीच्या आत तिची करंगळी कुणीतरी घट्ट धरली होती.