वर जाणारी वाट

वारा लागला तरी गुणाजीच्या पायांची आग होई, म्हणून ऐन मे महिन्यात सुवर्णाने पंखा बंद ठेवला होता. चादर टेकू नये म्हणून पायांवर वेताची कमान बांधली होती. ती नवऱ्याजवळ बसायची, पण हात आवरून.

गुणाजी परब देवगडातला आंबे उतरवणारा. झाडावरून पडला तेव्हा पाठीच्या मध्यावर मेरुरज्जू तुटला आणि मेंदूचं पायांशी बोलणंच संपलं. डॉ. अन्विता लिमये यांनी त्या फटीत प्रयोगशाळेत वाढवलेल्या चेतापेशींचा पूल बसवला. त्याला चेतासेतू म्हणत. पेशींचे वर जाणारे तंतू पायांची खबर मेंदूला देणार, खाली येणारे तंतू मेंदूचा हुकूम पायांना. मग एका सकाळी सुवर्णा पाय धूत असताना तो म्हणाला, "पाणी कढत आसा गे." त्या दिवशी वाडीभर पेढे वाटले. आनंद करायची आपल्याला भारी घाई.

खाली येणारे तंतू उगवलेच नाहीत.

"चलणा तर नायच, पण ह्यो जाळ कसलो?" गुणाजीने विचारलं.

"दुखण्याला आवर घालणारा निरोपही मेंदूकडून खालीच येतो," डॉक्टर म्हणाल्या. "तो येत नाही, म्हणून साधा स्पर्शही तुम्हाला आगीसारखा कळतो." औषधं सगळी करून झाली होती.

"मगे तोडून टाका. माका आता सोसणा नाय."

"वायच थांबा," सुवर्णा म्हणाली. "अजून उगवतीत."

डॉक्टरांनी खोटी आशा दिली नाही. तंतू कदाचित उगवतील, बहुधा नाहीत. सेतू विरघळवला तर आग जाईल, पण स्पर्शही कायमचा जाईल. त्या जागी दुसरा सेतू धरणार नाही.

गुणाजीचं ठरलं होतं. डॉक्टरांनी त्याच्या पाठीला सेतू विरघळवणारं यंत्र लावलं. आता फक्त कळ दाबायची होती.

"जरा थांबा, मॅडम. सुवर्णा, पायार हात ठेव."

"दुखात तुमका."

"ठेव गे."

तिने तळहात ठेवला. त्याने दात आवळले, डोळ्यांतून पाणी आलं. ती हात काढायला गेली.

"रवांदे, काढू नको," तो म्हणाला. "मॅडमांक खूण तूच कर."

डॉक्टर कळेवर बोट ठेवून सुवर्णाच्या खुणेची वाट पाहत होत्या. सुवर्णाला रडू आवरेना. हात ठेवावा तर गुणाजी जळत होता, आणि उचलावा तर तिचा हात त्याला पुन्हा कधीच कळणार नव्हता. खूण तिने करायची तरी कधी?