शून्यावरची वीण

माझी बायको स्वाती गेल्याचं मला फोनवर कळलं. अड्याळच्या बाजारातून येताना तिच्या स्कूटीला ट्रकनं उडवलं होतं. मी तेव्हा पवनीत, घरी कंप्युटरवर साडीचा पोत काढत होतो. तेच माझं काम आहे. दुकानाच्या साइटसाठी मी पडद्यावर साड्या तयार करून देतो.

काही आठवड्यांनी पुन्हा कामाला बसलो. कंप्युटर कापड फार सरळ काढतो. ते हातमागाचं वाटावं म्हणून त्यात नॉइज घालावा लागतो, म्हणजे थोडा कमीअधिकपणा. आकडा बदलला की जाड-बारीक धाग्यांच्या जागा बदलतात.

त्या दिवशी बदलल्या नाहीत. डाव्या काठाजवळ वीण दाट, खाली एक सैल पट्टा. दुसरा आकडा टाकला. तसंच. मग नॉइजचं प्रमाणच शून्यावर आणलं. आता कापड गुळगुळीत व्हायला हवं होतं. पट्टा तिथंच राहिला.

शेजारच्या खोलीत स्वातीचा माग आहे. तिची अर्धी विणलेली कोशाच्या रेशमाची साडी अजून त्यावरच होती. सासरे, मारोतराव, ती कापून उतरवायला आले होते. माग दुसऱ्या विणकराला द्यायचा होता. ती साडी कापलेली मला बघवणार नव्हती.

मी त्यांना पडद्याजवळ बोलावलं.

"हे तं पोरीच्या हातचं होय," ते म्हणाले. "डावा हात जोराचा तिचा. अन् इथं पाठ भरली, ठोका हलका पडला. फोटो काहाडला काय, जावई?"

"नाही."

"मंग तुमचा कंप्युटर विनाले लागला काय?"

ते हसले. मग मागाशी जाऊन साडीवर बोट फिरवू लागले. काठ जुळला. सैल पट्टा जुळला. साडी तिथंच संपत होती.

पडद्यावर कापड पुढंही होतं. वीतभर दाट वीण, मग आणखी एक सैल पट्टा.

"बंद करा ते," ते म्हणाले. "काहून चालू ठेवून राहिले?"

कात्री मागावरच ठेवून ते निघून गेले. मी त्या खोलीला बाहेरून कडी घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या खोलीची कडी काढली. साडीवर बोट ठेवलं. सैल पट्टा. पुढं वीतभर दाट वीण.

मग दुसरा सैल पट्टा.

आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली धाग्याची कांडी रिकामी झाली होती.

पडद्यावर कापड आणखी पुढं गेलं होतं.

स्वातीला कांड्या मीच भरून देत असे. मी नवी भरली, धोट्यात घातली आणि बाहेरून कडी लावली.

पदर अजून विणायचा राहिला आहे.