तीन तारखा हुकल्यावर

“घरातलं कोणी आलंय का बरोबर?” डॉक्टरीणबाईंनी सवयीनं विचारलं, आणि वर्षालीच्या शेजारी उभी असलेली खाकीतली शिपाईबाई पाहून त्यांनी तिचा कागद पुढे ओढला...

वर्षालीचा सातवा महिना सरत आला होता. सोनोग्राफीची तारीख तीनदा पडली अन् तीनदा हुकली, कारण तुरुंगातून दवाखान्यात न्यायला पोलीस गार्डच मिळेना! आज चौथ्या तारखेला तो एकदाचा मिळाला. बराकीतल्या बायका आपल्या वाटचं दूध तिला देत, पोटावर हात फिरवत. पण तिचा जीव तळमळत होता तो पुनावळ्याच्या घरासाठी, सासूच्या एका मायेच्या शब्दासाठी.

नवरा शेखर चाकणच्या कारखान्यातली शिफ्ट सांभाळून भेटीला येई. सासू तानुबाई मात्र सहा महिन्यांत एकदाही आल्या नव्हत्या. कशा येतील? जागेच्या भांडणात भावकीतल्या कोंडीरामला जिन्यावरून ढकलून त्याचा जीव घेणारी सून! धक्का खरं तर नणंदेचा, दिव्याचा होता. पण पोर जेमतेम विशीची, लग्न ठरलेलं... “मीच ढकललं,” वर्षाली बोलून गेली. आपल्याला दिवस गेलेत, हे तिला तुरुंगातल्या पहिल्या तपासणीत कळलं!

तपासणी उरकून ती बाहेर आली, तर समोरच्या बाकावर तानुबाई! मांडीवर ओटीचं सामान.

“आत्या... तुम्ही?”

“तिन्ही तारखांना हितंच बसून गेले मी. तुरुंगाची पायरी चढणार न्हाई म्हनले व्हते, दवाखान्याची न्हाई! तिसऱ्यांदा वटीचं सामान तसंच माघारी नेलं, ते बघून दिव्यानं हंबरडा फोडला... समदं सांगितलं पोरीनं.”

“तिला पोलिसात धाडू नका, आत्या! तिचं लग्न...”

“मी न्हाई धाडली. सकाळीच शेखरला घेऊन आपल्या पायानं वकिलाकडं गेली.”

शिपाईबाई पुढे झाली. “मावशी, नारळ देता येणार नाही.” मग तिचाच आवाज उतरला. “कुंकू लावा. पण लवकर.”

तानुबाईंनी कुंकू लावलं. बोटं सुनेच्या कपाळावरच राहिली.

“एक लेक घरी यावी म्हनून दुसरी आत चालली गं... सांग, मी आता हसू का रडू?”

वर्षालीनं तो हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

“रडा, आत्या... पण तिच्या भेटीला मात्र पहिल्याच दिवशी जा. तिला वाट बघायला लावू नका!”