ऑलिव्हचा हात

यावर तुमच्यापैकी एकही जण विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ठेवू नका. माझं काही अडत नाही. क्रोमरच्या किनाऱ्यावर खेकडे धरण्यात माझा जन्म गेला, आणि माझ्या तोंडून खेकड्याचं वजनसुद्धा या गावात कुणी खरं मानत नाही.

"वजनाचं जाऊ दे, एमस. मागच्या खेपेला तुझ्या खेकड्याला दाढी होती," पबचा मालक सिड ग्लास पुसता पुसता म्हणाला.

होतीच. पण आज गोष्ट बायकांची आहे. लढाईतली गुपितं आता सरकारनंच उघडी केली, मग मी कशाला तोंड शिवून बसू?

राजा गेला, ते बावन्न साल. आपल्या गावात तीन बायका होत्या, बघून कुणी दुसऱ्यांदा मान वळवली नसती अशा. केमिस्टची बायको मिसेस गॅदरकोल, लायब्ररीतली मिस प्रायर आणि पियानो शिकवणारी कॉन्स्टन्स. चौथी ऑलिव्ह, टेलिफोन एक्सचेंजमध्ये. तिचा आवाज अख्ख्या गावाला पाठ, चेहरा फारसा कुणाला नाही. लढाईत या चौघी कुठल्याशा मोठ्या घरात 'कारकुनी' करायच्या म्हणे. कसली कारकुनी! जर्मनांचे गुप्त निरोप फोडायच्या. तारेची टकटक ऐकून अक्षरं टिपायला चौघी एका बाकावर शिकल्या, मग चौघींना चार दारांआड बसवलं. कुणाला काही सांगणार नाही अशी सही घेतली. लढाई संपून सात वर्षं झाली, दर बुधवारी चौघी एकत्र विणायला बसायच्या, पण 'तू तिथं काय करायचीस गं?' असं एकीनं दुसरीला विचारलं नव्हतं. आमच्याकडे सही म्हणजे सही.

त्या वसंतात एका बुधवारी ऑलिव्ह समुद्रातल्या धक्क्याच्या खांबाला अडकलेली सापडली. गळ्याभोवती पडद्याची दोरी. लढाईत नवरा गेलेली, एकटी राहणारी.

माझी थेल्मासुद्धा तशीच. जावई बोटीबरोबर बुडाला, तेव्हापासून पोरगी लोकरीच्या दुकानाच्या माडीवर एकटी. मी म्हटलं, घरी चल. ती म्हणाली, "बाबा, तुमच्या घोरण्यापेक्षा खुनी परवडला."

महिन्याभरात दुसरी गेली. मिसेस लेगेट. तीही विधवा, तीही बुधवारीच. बुधवारी दुपारनंतर दुकानं बंद, रस्त्यात चिटपाखरू नाही. वरून आलेल्या इन्स्पेक्टरनं बायकांना सांगितलं, कड्या लावून घ्या. कडी लावलेलीच होती हो तिची. आतून तिनंच उघडली होती.

आता ऐका. त्या आठवड्यात मी खेकडे द्यायला मिस प्रायरकडे गेलो. ती दारातच खांबासारखी उभी. नळाच्या पायपातून टकटक येत होती. थांबून थांबून, नेटकी. तिचं बोट चौकटीवर त्याच ठेक्यात हलत होतं. मी म्हटलं, हवा असेल पायपात. दुसऱ्या दिवशी कॉन्स्टन्सकडे तेच. पियानोच्या झाकणावर बोट, तोंडावर रक्ताचा थेंब नाही. पहिल्या लढाईत मी सुरुंग काढायच्या बोटीवर होतो, बिनतारीवाल्याच्या शेजारी. टकटकीचा अर्थ मला लागत नाही, पण ती करणाऱ्याचा हात कानाला कळतो. दोन्ही घरांत हात एकच होता. शेवटच्या ठोक्याआधी किंचित अडखळणारा, श्वास घेतल्यासारखा.

बुधवारी मिसेस गॅदरकोलच्या मागच्या दाराशी गेलो. तिघी स्वयंपाकघरात विणत बसलेल्या, चौथी खुर्ची रिकामी. पायपात टकटक चालू. आणि तिघी एकमेकींकडे न बघता हवापाण्याच्या गप्पा मारतायत!

"काय थंडी आहे नाही, मे असून," कॉन्स्टन्स म्हणाली.

"लिलीला बहर कसा तो नाहीच यंदा," मिस प्रायर म्हणाली.

मी टोपली खाली ठेवली. "बायांनो, तिघींच्या घरचे नळ एकच गाणं कसं म्हणतात?"

सुया थांबल्या.

"एमस, तुझे खेकडे ठेव आणि नीघ," मिसेस गॅदरकोल म्हणाली. मग फार हळू, त्या दोघींना, "तुमच्याकडेही?"

"मी पाण्याची मुख्य चावी बंद केली होती," कॉन्स्टन्स म्हणाली. "तरी थांबलं नाही."

"ऑलिव्हचा हात आहे तो. मला वाटलं, मला एकटीलाच वेड लागलंय," मिसेस गॅदरकोल म्हणाली.

"पण आपण सही केलीय," कॉन्स्टन्स म्हणाली.

"सही ऑलिव्हनंही केली होती," मिस प्रायर म्हणाली. "आणि ती मेल्यावर बोलतेय. आपण जिवंत असून गप्प बसलो, म्हणून मिसेस लेगेट गेली."

कुणी रडलं नाही. या जातीच्या बायका आधी काम उरकतात. तिघींनी आपापलं विणकाम टेबलावर पसरलं. मी आजवर समजत होतो, स्वेटर आहेत. खोलीबाहेर कागद न्यायचा नाही ही त्यांची जुनी शिस्त, म्हणून प्रत्येकीनं टकटक लोकरीत टिपली होती. आखूड ठोक्याला सुलट टाका, लांब ठोक्याला उलट. एकेकीचं वेगळं वाचलं तर नुसती बडबड.

कॉन्स्टन्सनं तीन पट्ट्या एकाखाली एक लावल्या. गाण्याची चाल वाचावी तशी नजर फिरवली. मी माणसाला विचार करताना खूप वेळा पाहिलंय. इतकं देखणं कधी दिसलं नाही ते.

"पहिलं अक्षर तुझं, दुसरं तुझं, तिसरं माझं," ती म्हणाली. "एकच निरोप तिघींत वाटलाय."

"असं का करेल ती?" मिसेस गॅदरकोलनं विचारलं.

"आपल्याला एकमेकींशी बोलायला लावायला."

मिस प्रायर वाचू लागली. गॅसचा मीटर बघणारा. बुधवार. लोकरीच्या दुकानावर.

पायपातली टकटक थांबली.

तो माणूस सगळ्यांच्या ओळखीचा. दर तिमाहीला यायचा, टोपी काढून बोलायचा. त्याला कोण दार उघडणार नाही?

आणि आज बुधवार होता.

आम्ही धावलो. चर्च स्ट्रीटवर सगळ्या झडपा खाली. साठीला टेकलेली मिसेस गॅदरकोल माझ्यापुढे, एप्रनसकट.

दुकानाच्या बाजूचं दार नुसतं लोटलेलं. जिन्याच्या खुंटीवर त्याची टोपी.

वर खुर्ची पडल्याचा आवाज.

आम्ही चौघं वर चढलो. त्या तिघी आणि मी.

थेल्मा भिंतीशी. दोरी गळ्याशी. तो पाठमोरा.

कॉन्स्टन्सनं त्याचं मनगट धरलं. पियानोवालीची बोटं, सोडवता येईनात. दोघींनी पाय ओढले. आणि मी टोपली उचलली आणि घातली त्याच्या टाळक्यात. खेकडे खोलीभर—

"बाबा."

दारात थेल्मा उभी होती. डोक्याला रुमाल, हातात छत्री. रविवारचं जेवण झालं की ती मला न्यायला येते. किती वेळ ऐकत होती कोण जाणे.

"मटण गार होतंय," ती म्हणाली. "आणि तुम्ही वर नव्हताच. दारापाशी पायरीवर धापा टाकत बसला होतात, मी खिडकीतून पाहिलं ना नंतर."

सिड हसला. "खोटं धरलं की नाही! अगं, चौघं चढले म्हणतो."

"चौघीच चढल्या," थेल्मा म्हणाली. "बायका. चौथीला मी ओळखत नव्हते, काही बोलली नाही ती. पोलीस येईपर्यंत मी त्यांना चहा केला. रेशनचा चहा, म्हणून अजून लक्षात आहे. चार कप ओतले मी, बाबा. चारही रिकामे झाले होते."