चंदेरी रंगाचे गर्डर

पूजेचं ताट घेऊन रंजिता शनवारा भागातल्या मागांच्या शेडवर गेली, तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. आज माग पुन्हा सुरू व्हायचे होते. तिच्या दिराने, विपुलने, शेड नवी बांधली होती. नवी म्हणजे पत्रे नवे, गर्डर जुनेच. आगीत वाकलेले गर्डर त्याने घणाने ठोकून सरळ केले आणि वरून चंदेरी रंग फासला. मढ्याला नवा सदरा घालतात तसा.

याच गर्डरांखाली तिचा नवरा रितेश गेला. जळून नव्हे. सुताने पेट घेतला तेव्हा मजूर पळाले, हा मात्र कापडाची ठाणं ओढत आतच राहिला. "शेड लोहे की आहे, जळते थोडीच!" म्हणाला. लोखंड जळलं नाहीच. तापून मऊ पडलं, झुकलं आणि छपरासकट त्याच्यावर बसलं. वितळायच्या कितीतरी आधी लोखंडातला जोर जातो, हे अग्निशमनवाल्याने तिला नंतर सांगितलं. नंतर सांगून काय चाटायचं होतं ते?

वीज गेली होती. आत अंधार, मजूर मागांपाशी वाट पाहत उभे. रंजिताला करपलेल्या सुताचा वास आला. मग वरून आवाज... कुणी झोपेत कण्हावं तसा.

"भाऊजी, ऐकलं?"

"काय?"

"सगळ्यांना बाहेर काढा. वरचे गर्डर वाकून राहिले..."

"आग कुठं आहे, वहिनी?" विपुलने खांबावर हात ठेवला. "एकदम थंडा आहे. शुभ कामात काऊन अपशकून करता?"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सख्खा भाऊ गेला, तरी याचे डोळे उघडले नव्हते! ताट दाणकन खाली ठेवून ती ओरडली, "निघा रे सगळे! कापडाला हात लावू नका!" मजूर आधी मालकाकडे पाहत राहिले. मग वरून पुन्हा तो आवाज आला... आणि सगळे दाराकडे धावले.

मधल्या गर्डरखाली विपुल एकटाच उरला.

"हा हार इतका खाली कोणी बांधला?" त्याने चिडून विचारलं.

त्यानेच बांधला होता, सकाळी, शिडीवर चढून, त्याच गर्डरला. आता हार त्याच्या केसांना लागत होता.

"भाऊजी... या ना बाहेर."

विपुल वर पाहत राहिला. त्याचा पाय निघेना. हात अजून त्या थंडगार खांबावरच होता, आणि हारातला एकेक झेंडू त्याच्या डोळ्यांसमोर करपत चालला होता.